बाकी सगळं अप्पडिये

मी एकदा कावेरीकाठच्या भातशेतकऱ्यांना भर सभेत सांगितलं होतं, की तुमच्या पिकाला पाणी वेळेवर यायची काही गरज नाही. लावणी वेळेवर करायचीही नाही. हे सांगताना माझ्या अंगावर रुंद किनारीची नवी साडी होती, हातात आकड्यांचा तक्ता होता, आणि वय असं होतं की आपणही चुकू शकतो ही बातमी माणसाला अजून पोचलेली नसते. पुण्यात राहून संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी नुकतीच तंजावूरला परतले होते. येताना पुण्याची मराठीही घेऊन आले होते. आमच्या घरात अडीच-तीनशे वर्षं मुरलेली, तमिळच्या सुरात हेलकावणारी आमची मराठी मला एकाएकी गावंढळ वाटू लागली होती, आणि मी आईशीसुद्धा ‘हो का?’, ‘अय्या, खरंच?’ असं बोलत होते. आई बिचारी घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघायची.

तर ते गाव तिरुवैयारूच्या पलीकडचं. आमच्या कॉलेजनं तिथं पाहणी केली होती. कोणाच्या शेतात कालव्याचं पाणी केव्हा पोचलं, लावणी केव्हा झाली, खत किती पडलं, बियाणं कोणतं, आणि शेवटी भात किती निघालं. एका गोष्टीमागं अशी पाच-सहा कारणं असली, की त्यांतल्या कोणाचा वाटा किती हे वेगळं काढायचा एक हिशेब असतो, त्याला आम्ही रिग्रेशन म्हणतो. प्रत्येक कारणापुढं एक आकडा येतो, तो त्याचा गुणांक. आणि तो आकडा भरवशाचा की नुसताच योगायोगाचा, याची प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागते. हँडल फिरवायच्या आकडेमोडीच्या यंत्रावर दंड दुखेपर्यंत मी तो हिशेब केला. पाण्याची तारीख नापास झाली. लावणीची तारीख नापास झाली. मी दोघींनाही तक्त्याबाहेर हाकललं आणि सभेत उभी राहिले.

पुढच्या रांगेत एक वयस्कर शेतकरी मांडी घालून बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अम्मा, तण्णी नको, नडवु नको. मग आम्ही वर्षभर करतो काय, तेवढं सांगा.” तण्णी म्हणजे पाणी, नडवु म्हणजे लावणी. सभा हसली. मला वाटलं, यांना शास्त्र कळलेलं नाही. म्हणून मी तेच सगळं पहिल्यापासून, अधिक मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली...

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा पदर ओढला. इतक्या जोरात, की मी खुर्चीत बसलेच. पदर ओढणारी बाई उठली, आणि माझ्या जागी उभी राहून तमिळमध्ये म्हणाली, “या मुलीचा हिशेब बरोबर आहे, वाचन चुकलंय. पाणी येतं तेव्हाच तुम्ही लावणी करता. दोन्ही गोष्टी अशा हातात हात घालून येतात, की त्यातल्या कोणामुळं किती पिकलं हे आकड्यांना सांगता येत नाही. दोघी मिळून मात्र सगळं पीक त्यांचंच आहे.” ते शेतकरी म्हणाले, हे तर आम्हाला ठाऊकच होतं. त्यावर बाई म्हणाली, “आम्हाला नव्हतं. म्हणून तर आलो.”

ही तुळजाक्का. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, त्याच कॉलेजात माझ्याआधी लागलेली, आमच्यासारख्याच तंजावूरच्या जुन्या मराठी घरातली. अक्का म्हणजे थोरली बहीण. रक्तानं नव्हती, पदर ओढल्यामुळं झाली. ती गेली, त्याला आता काही आठवडे झाले.

परतीच्या बसमध्ये मी फुगून खिडकीशी बसले होते. अक्कानं थोडा वेळ मला फुगू दिलं. मग विचारलं, आपण गेलो होतो त्या मागच्या महिन्यातल्या मुंजीत काशी आणि गोदा या दोघी जावांनी स्वयंपाक केला, तो कसा झाला होता? मी म्हटलं, उत्तम. “काशी आली नसती तर बिघडला असता?” नाही, गोदा होती ना. “आणि गोदा आली नसती तर?” काशी होती. “म्हणजे दोघींचीही गरज नव्हती. दोघींना घरी पाठवू या?” मी म्हटलं, मग लोक जेवणार काय? अक्का म्हणाली, “ते आजोबा तुला हेच विचारत होते.”

मग तिनं जे सांगितलं ते मी पुढं चाळीसेक वर्षं वर्गात सांगत आले, आणि बहुतेक वेळा ते माझंच असल्यासारखं सांगितलं. एकीची परीक्षा घेतेस तेव्हा दुसरी स्वयंपाकघरातच असते, हे विसरू नकोस. परीक्षा विचारते, बाकी सगळ्या हजर असताना तुझ्या नसण्यानं काही अडतं का? जोडीनं वावरणाऱ्या बायकांचं एकेकीवाचून कधीच अडत नाही. म्हणून दोघींना एकदम बाहेर काढायचं, आणि मग मिच्चम किती वाढतं ते बघायचं. मिच्चम हा आमच्या घराघरातला तमिळ शब्द, उरलंसुरलं या अर्थाचा. हिशेबाला जे उलगडता आलं नाही, जे शेवटी हातात उरलं, त्याला ती मिच्चम म्हणायची. पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे. पण अक्काचं म्हणणं असं, की जेवण कसं झालं हे पाहुण्यांना विचारून कळत नाही, पातेल्यात काय उरलं ते बघून कळतं.

घरी जाऊन मी तो हिशेब पुन्हा केला. पाणी आणि लावणी दोन्ही एकदम काढल्यावर मिच्चम असं फुगलं, की यंत्राचं हँडल फिरवता फिरवता मला एकटीला हसू आलं.

त्यानंतर आम्ही दोघी जोडीनं दिसू लागलो. एकच टाउन बस, एकच स्टाफरूम, डब्यात एकमेकींचं. ती डांगर पच्चडी आणायची, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली आमच्याकडची कोशिंबीर, आणि मी ती संपवायची. मुलींनी आमची नावं जोडून टाकली. ती तुळजा, मी अंबा. मिळून तुळजांबा. कुलदेवीचं नाव दोघींत वाटून घेतल्यामुळं आम्हाला कोणी उघड नावं ठेवू शकत नसे, हा त्यातला फायदा. “तुळजांबा येतेय” म्हटलं की व्हरांडा रिकामा व्हायचा. मला वाटायचं माझा दरारा आहे. खरं तर दरारा तिचा होता, मी तिच्याबरोबर चालत होते.

मुली तिला आणखी एका नावानं हाक मारत, अर्थात तिच्या पाठीमागं. ‘अप्पडिये मॅडम’. अप्पडिये म्हणजे तमिळमध्ये ‘तसंच, जसंच्या तसं’. त्याची गोष्ट अशी, की गुणांकाचा अर्थ सांगताना एक अट असते. खत एका पोत्यानं वाढलं तर भात इतकं वाढेल, हे वाक्य अपुरं आहे. बाकी सगळं तसंच असताना, पाणी तेवढंच, बियाणं तेच, लावणी तेव्हाच, आणि खत तेवढं एका पोत्यानं जास्त, तर भात इतकं वाढेल, हे वाक्य पुरं. मुली इंग्रजीत हे फडाफड म्हणून टाकत आणि त्यांना त्यातलं काही कळलेलं नसे. म्हणून अक्काचा नियम होता, वाक्य घरच्या भाषेत म्हणायचं, आणि सुरुवात ‘मत्तदेल्लाम अप्पडिये इरुंदा’ इथून करायची. बाकी सगळं तसंच राहिलं तर. घरच्या भाषेत माणूस खोटं बोलायला लागला की अडखळतो, ती म्हणायची. इंग्रजीत अडखळला तरी लोक म्हणतात, इंग्रजीमुळं.

हा नियम तिनं मलाही लावला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तिच्याकडं तक्रार घेऊन गेले, की सासूबाई आल्या की नवरा माझ्याशी तुटक वागतो. अक्कानं मला वाक्य म्हणायला लावलं. बाकी सगळं तसंच असताना, सासूबाई आल्या की... मी तिथंच थांबले. कारण सासूबाई आल्या की बाकी काहीच तसंच नसायचं. मी सकाळपासून तोंड फुगवून असायचे, भांडी आपटायचे, आणि पुण्याची मराठी जास्त बोलायचे. अक्का म्हणाली, “आधी तुझं तोंड तक्त्यात घाल. मग सासूचा गुणांक किती उरतो बघू.” मी तोंड तक्त्यात घातलं. सासूबाईंचा गुणांक जवळजवळ शून्य आला. हा निष्कर्ष मी नवऱ्याला कधी कळू दिला नाही.

माझ्या तरुणपणाच्या मूर्खपणाचा आणखी एक नमुना सांगते, म्हणजे अक्का मला काय म्हणून सहन करायची हे कळेल. गुणांकापुढं परीक्षेत पास झाल्याची चांदणी छापतात. मला त्या चांदण्यांचं वेड लागलं. कुठल्याशा मोठ्या पाहणीतले हजारो मुलांचे आकडे मला मिळाले, आणि मी शोध लावला, की ज्या घराची खिडकी पूर्वेला असते त्या घरातली मुलं उंच होतात. तीन चांदण्या. मी धावत अक्काकडं गेले. तिनं तक्ता चष्मा वर करून वाचला, आत जाऊन मूठभर तांदूळ आणले, त्यातली एक तुटकी कणी निवडून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, तुझ्या तक्त्याप्रमाणं मूल एवढं जास्त उंच होतं. खरं असेलही. इतक्या हजार मुलांत कणीसुद्धा दिसते. “पण अंबू, या कणीसाठी कोणी भिंत फोडायची का?” खरं असणं वेगळं आणि मोठं असणं वेगळं, हे मला तेव्हापासून कळलं. म्हणजे कळलं असं मी धरून चालले. त्यानंतरही दोनदा भिंत फोडायला निघाले होते.

निवृत्त झाल्यावर अक्का गप्प बसणारी नव्हती. तिच्या घराला पुढं तिण्णै आहे, म्हणजे दाराबाहेरचा रुंद ओटा. आजकाल पीएच.डी. करणारे सगळे संगणकातून रिग्रेशन काढतात. बटण दाबलं की तक्ता. तो वाचायचा कसा, हे कोणी सांगत नाही. असे लोक शनिवारी सकाळी तिच्या तिण्णैवर येऊ लागले. शेतीचे, कॉमर्सचे, नर्सिंगचे. फळा भिंतीला टेकवलेला, अक्का उभी, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. माझं काम काय होतं, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मी मध्येमध्ये बोलायचे. अक्काचं वाक्य पूर्ण होण्याआधी त्यातली गंमत सांगून टाकायचे, आणि ती माझ्याकडं बघून म्हणायची, झालं तुझं?

तिथंच सेल्वी यायला लागली. पंचेचाळिशीची, नर्सिंग कॉलेजात शिकवते, रोज कुंभकोणम रस्त्यावरच्या आपल्या गावाहून स्कूटरनं ये-जा करते. ऑपरेशन झालेला रोगी किती दिवसांनी आपल्या पायांवर चालू लागतो, हा तिचा विषय. पहिल्याच शनिवारी ती रडवेली होऊन आली. तिच्या तक्त्यानं सांगितलं होतं, की नर्स रोग्याजवळ जितक्या जास्त वेळा जाते, तितका तो उशिरा चालतो. गाइड म्हणाले होते, आकडे आहेत, तसंच लिहा. तिला ते लिहवेना. वीस वर्षं मी रोग्यांना उठवून चालवते, आणि माझ्याच प्रबंधात मी हे लिहू? अक्कानं तिला वाक्य म्हणायला लावलं. ‘मत्तदेल्लाम अप्पडिये...’ सेल्वी तिथंच अडली. म्हणाली, अप्पडिये कुठं आहे मॅडम, जो जास्त आजारी त्याच्याकडंच आम्ही जास्त जातो. आणि हे बोलून ती स्वतःच आ वासून बसली. पुढच्या आठवड्यात तिनं आजाराची तीव्रता तक्त्यात घातली. नर्सच्या गुणांकाचं चिन्ह उलटलं. सारख्याच आजारी रोग्यांमध्ये, ज्याच्याकडं नर्स जास्त गेली तो लवकर चालला. सेल्वीनं त्या दिवशी सगळ्यांसाठी मैसूरपाक आणला होता. अक्कानं एक वडी खाल्ली आणि म्हणाली, आता मिच्चम दाखव.

गेल्या वर्षीपासून अक्काचा उजवा हात थरथरू लागला. फळ्यावर रेघ ओढली की ती कावेरीच्या फाट्यासारखी वळत जायची. आमच्या शास्त्रात गुणांकाला त्याच्या स्वतःच्या थरथरीनं, म्हणजे तो किती इकडंतिकडं होऊ शकतो त्या मापानं, भागतात. आकडा थरथरीच्या दुपटीहून मोठा असला तर त्याच्यावर साधारणपणे भरवसा ठेवतात. शेवटच्या शनिवारी, म्हणजे तो शेवटचा हे आम्हाला माहीत नव्हतं, अक्कानं एक आकडा लिहिला, तो तिचा तिलाच वाचता येईना. ती मागं वळून मला म्हणाली, “आकडा तोच आहे गं, थरथर वाढलीय. आता मला कोणी गंभीरपणे घेणार नाही.” मी म्हटलं, मला तर कोणी आधीपासूनच घेत नाही, ये माझ्या शेजारी बस. ती बसली नाही. डाव्या हातानं उजवं मनगट धरून तिनं तो आकडा पुन्हा लिहिला.

चारच दिवसांनी सकाळी तिच्या मुलाचा, सुंदरचा, चेन्नईहून फोन आला. अक्का आदल्या दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही, शेजाऱ्यांनी त्याला कळवलं, आणि तो निघालाय. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो इतका खुळा, की लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, हे अक्काला सांगायला हवं.

दिवस झाले. दिवसांच्या शेवटच्या जेवणाला लोक येऊन गेले. सुंदर मला बाजूला घेऊन म्हणाला, की घर बंद करून तो चेन्नईला जाईल, अधूनमधून येईल. आणि मग अगदी सौम्यपणे त्यानं विचारलं, “मावशी, शनिवारचं आता थांबवू या ना? त्या लोकांना मी निरोप देऊन टाकतो.” त्याचा हेतू चांगला होता. माझ्यावर ओझं नको, एवढंच त्याला वाटत होतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि घरी आले.

विचार काय करायचा होता, ते मला नीट ठाऊक होतं. लोक तिच्यासाठी येत होते की आमच्यासाठी? माझ्या एकटीचा त्यात काही वाटा होता का? इतकी वर्षं तुळजांबा म्हणून मिरवलं, त्यात अंबा नावाची काही चीज होती, की ती नुसतीच जोडीनं बसमध्ये चढत होती? मी जुने सगळे शनिवार डोळ्यांपुढं आणले. काही उपयोग झाला नाही, होणारही नव्हता. जिथं ती होती तिथं मी होते, जिथं मी होते तिथं ती. अशा आकड्यांतून दोघींना वेगळं काढायला यंत्र चाळीस वर्षं फिरवलं तरी हाती काही लागत नाही. एक हजर आणि दुसरी गैरहजर, असा एखादा दिवस तरी लागतो. तो आमच्याकडं कधी नव्हताच. तिला ताप आला की मीही रजा टाकायचे, डबा घेऊन जाते म्हणून.

माझी नात इथंच शिकते, तिला आमची मराठी कळते पण बोलताना ती तमिळमध्ये घसरते. मी गच्चीवर बसून राहिलेली बघून तिनं विचारलं, पाटी, काय झालं? पाटी म्हणजे आजी. मी तिला हे सगळं शास्त्रीय भाषेत समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुला भीती वाटतेय. मी म्हटलं, हो. शास्त्राचा एवढा खटाटोप केला नसता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सुंदरला फोन केला. म्हटलं, घर बंद कर, तिण्णै तेवढी उघडी राहू दे. एका शनिवारी बघते. एका नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही, पण शून्य नोंदींपेक्षा ती बरी.

त्या शनिवारी मी इतकी लवकर पोचले, की शेजारची बाई तिच्या दारात अजून रांगोळी काढत होती. फळा मी स्वतः भिंतीला टेकवला. पाचसहाजण आले. चप्पल काढताना सगळे नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत होते. अक्काची उभं राहायची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती. मी तिथं उभी राहिले आणि खडू उचलला. मग सेल्वी पुढं आली. तिचा नवा तक्ता तिनं फळ्यावर उतरवून दिला. रोगी तीन वॉर्डांतले होते, पोटाच्या ऑपरेशनचा वॉर्ड, हाडांचा आणि बाळंतिणींचा. तक्त्यात दोनच वॉर्डांची नावं होती. हाडांच्या वॉर्डापुढं अधिक पाच, बाळंतिणींच्या पुढं उणे दोन, दोघांपुढं चांदण्या. सेल्वीनं विचारलं, पोटाचा वॉर्ड कुठं गेला?

आणि मी, चाळीसेक वर्षं शिकवलेली बाई, खडू हातात धरून ठणठणीत आवाजात म्हणाले, की त्या वॉर्डाचा काही खास परिणाम नसेल, म्हणून संगणकानं त्याला गाळलं.

शेतीवाल्यानं मान डोलावली. मला वाटलं, वा, जमतंय. मी पुढं सरकणार, तोच सेल्वी फळ्याकडं बघत हळूच म्हणाली, “मॅडम, बाळंतिणी दोन दिवस कमी लावतात. कशापेक्षा कमी?”

कशापेक्षा? मी फळ्याकडं पाहिलं. उणे दोन. कशापेक्षा उणे? हाडांच्या वॉर्डापेक्षा म्हणावं तर त्याचं त्याचं अधिक पाच आहे. खडू माझ्या हातात तुटला. मग माझं मलाच उलगडलं, आणि मला इतकं हसू आलं की मी अक्काच्या पायरीवर बसकण मारली. हे तर आम्ही दुसऱ्या वर्षाच्या पोरींना शिकवत होतो. तीन वॉर्ड असले की एक तक्त्याबाहेर ठेवतात, आणि बाकीच्या दोघांना त्याच्याशी तोलतात. तो गाळलेला नसतो, तो पाया असतो. त्याच्या नावाची ओळ नसते, कारण प्रत्येक ओळ त्याच्यापासूनच मोजलेली असते. चांदणीसुद्धा एवढंच सांगते, की हा वॉर्ड त्या न दिसणाऱ्या वॉर्डापेक्षा वेगळा आहे.

मी उठून फळ्यावर लिहिलं, ‘पोटाच्या वॉर्डापेक्षा’. म्हटलं, मघाशी मी सांगितलं ते साफ चूक. जो तक्त्यात नाही, त्याच्यापेक्षा हे दोन दिवस कमी, आणि ते पाच दिवस जास्त. हे बोलून झालं, आणि बराच वेळ मी फळ्याकडंच तोंड करून उभी होते. मागं सगळ्यांनी आपापल्या वहीत काहीतरी लिहायला घेतलं. त्यांचं लिहून झालं तरी ते लिहीतच राहिले, माझ्यासाठी.

मग सेल्वी आपणहून वाक्य म्हणू लागली. बाकी सगळं अप्पडिये असताना, पोटाच्या वॉर्डातल्या रोग्यापेक्षा... तिच्या मागोमाग शेतीवाला, मग कॉमर्सवाली. कोणी अडखळलं नाही. मी मध्ये एकदा नको तिथं बोलले, कोणीतरी हसलं, आणि दहाच्या सुमाराला मला कळलं की आपण तासभर शिकवतोय.

निघताना सेल्वी स्कूटरवर हेल्मेट चढवून पुन्हा उतरली आणि तिण्णैपाशी आली. मला वाटलं, आता ही सांत्वन करणार, आणि मी त्यासाठी योग्य तो चेहराही तयार केला. ती तमिळमध्ये जे म्हणाली, ते मराठीत जसंच्या तसं उतरवते:

“तुळजा मॅडम कधी चुकल्याच नाहीत, मॅडम. त्यामुळं आम्हाला वाटायचं, हे आपल्याला कधी येणार नाही. आज तुम्ही चुकलात आणि ते आम्ही पकडलं. पुढच्या शनिवारीही थोडं चुका.”